लाल गाडीची दहा मिनिटांची ट्रायल

मोटरसायकलमधलं मला जेवढं कळतं तेवढं इटलीतल्या आमच्या सबंध लुगो गावात कुणाला कळत नाही! हे मी आज म्हणत नाही. गेली तीस वर्षं चौकातल्या बारमध्ये म्हणतोय, आणि अजून कुणी खोडून काढलेलं नाही. म्हणजे ऐकून उठून जातात, पण खोडून काढत नाहीत.

एकोणतिसाव्या वर्षी माझं लग्न झालं. गाडी विकली आणि त्या पैशांत ओर्नेल्लाने, म्हणजे बायकोने, नवीन स्वयंपाकघर करून घेतलं. चोवीस वर्षं मी त्या स्वयंपाकघरात कॉफी पितोय, आणि चोवीस वर्षं मला ओट्याच्या जागी माझी गाडी उभी दिसते. या वर्षी मुलगी नोकरीसाठी बोलोन्याला गेली, घराचे हप्ते संपले. एका सकाळी मी कप खाली ठेवून जाहीर केलं, "ओर्नेल्ला, मी गाडी घेतोय. जुनी, पण स्पोर्ट!"

मला वाटलं, भांडण होईल. मी मुद्देसुद्धा काढून ठेवले होते. ती शांतपणे म्हणाली, "घे. पण माझ्या आईला बरोबर ने."

"आईला? मोटरसायकल बघायला?"

"गेल्या वेळी तू एकटा जुना फ्रिज बघायला गेला होतास, लेआर्को, आणि दोन घेऊन आलास!"

मी काढून ठेवलेले मुद्दे तसेच ठेवून दिले.

सासूबाईंचं नाव आर्जिया. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी बुधवारच्या बाजारात कोंबड्या विकल्या. कोंबडीच्या छातीवर अंगठा दाबून तिचं वय, वजन आणि मालकाची दानत सांगायच्या. मला त्या एरवी 'तू' म्हणतात. 'जावईबापू' म्हणाल्या की समजायचं, आपलं काहीतरी चुकलेलं आहे.

जाहिरात मी आधीच हेरून ठेवली होती. फाएन्झाच्या वरच्या टेकड्यांत, मोन्तेरोव्हेरेला, ओरियानो नावाच्या पीचबागायतदाराची गाडी. लाल! दोन सिलेंडर, बारा वर्षांची, सात हजार दोनशे युरो. फोटोत ती चक्क त्याच्या दिवाणखान्यात उभी होती, शेजारी दिवा आणि भिंतीवर कुणा पूर्वजाची तसबीर. जो माणूस गाडी दिवाणखान्यात ठेवतो, त्याची गाडी डोळे मिटून घ्यावी!

एप्रिलातला रविवार ठरला. मी माळ्यावरून चोवीस वर्षांपूर्वीचा चामड्याचा सूट काढला. गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग, एकच चेन. चामडं आटतं म्हणतात ते खरं आहे. पाऊण डबा टाल्कम पावडर ओतून ओर्नेल्लाने आणि सासूबाईंनी मला त्यात कोंबलं. ओर्नेल्लाने पोट दाबलं, सासूबाईंनी चेन ओढली.

"श्वास सोड," सासूबाई म्हणाल्या.

"सोडला."

"मग आता घेऊ नकोस."

आरशात पाहिलं आणि खरं सांगतो, ऊर भरून आला. अर्थात जागाच नव्हती, त्यामुळे फार नाही भरला.

ओरियानो पासष्टीचा, उन्हाने रापलेला माणूस. त्याने दिवाणखान्यात नेऊन गाडीवरची इस्त्री केलेली चादर दोन बोटांनी अशी उचलली, की कारमधून उतरतानाच घातलेलं हेल्मेट मी नकळत काढून हातात घेतलं. काय गाडी होती! टाकीवर एक ओरखडा नाही. साखळीला हात लावला तर बोट काळं होईना.

"मग विकताय कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"कंबर," ओरियानो म्हणाला. "या गाडीवर ओणवं बसावं लागतं. डॉक्टर म्हणाले, गाडी की कंबर, एक निवडा."

मी मनातल्या मनात हसलो. कंबरेसाठी अशी गाडी सोडणारा माणूस! आमच्या पिढीत दमच राहिला नाही!

"एक चक्कर मारून बघू?" मी म्हटलं.

"मारा की. दहा मिनिटं. खाली सर्कलपर्यंत जा आणि वर या. पण पैसे आधी माझ्या हातात. अनोळखी माणसाला मी गाडी तशी देत नाही."

पैशांचं पाकीट सासूबाईंच्या पर्समध्ये होतं आणि पर्स त्यांच्या मांडीवर, दोन्ही हातांखाली. "पाकीट मिळायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी बसते ना इथे. जावई परत आला नाही, तर मला ठेवून घ्या."

ओरियानोने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, त्याला हा सौदा पटला. अंगणात पीचच्या झाडाखाली खुर्ची टाकून दिली. मी गाडीवर टांग टाकली. तिसऱ्या प्रयत्नात ती पलीकडे गेली.

पहिले तीन किलोमीटर म्हणजे काय सांगू! गाडीवर ओणवा झाल्याबरोबर तो सूट मला बरोबर बसला. उभ्या माणसासाठी तो शिवलेलाच नव्हता! उताराचा रस्ता, दोन्ही बाजूंना फुललेल्या बागा. तिथे एक लांब डावं वळण आहे. गाडी त्या वळणात कलली तेव्हा मी हात लावला नाही, काही केलं नाही; नुसती मान वळवली आणि ती माझ्या मनातल्या रेषेवरून गेली. चार सेकंद असेल. त्या चार सेकंदांत मला ना हप्ते होते, ना पोट होतं. मी हेल्मेटच्या आत एकटाच ओरडलो, "लेआर्को! अजून आहेस रे तू!"

आणि ओरडताना दीर्घ श्वास घेतला. पाऊण डबा पावडर त्याच क्षणाची वाट बघत होती. गळ्यातून एक ढग वर आला आणि मला शिंक आली.

ओणव्या अंगाने, बंद हेल्मेटमध्ये, माणसाने कधी शिंकू नये. कंबरेत 'टक्' असा आवाज झाला. आधी वाटलं, गिअर पडला. मग लक्षात आलं, गिअर नव्हे, माझी कंबर गेली!

हात चालत होते. पाऊल गिअरवर चालत होतं, दुसरं ब्रेकवर. पण पाठ वर उचलेना आणि गुडघे टाकीपासून सुटेनात. म्हणजे गाडी चालवायला मी शंभर टक्के ठीक होतो. फक्त थांबता येत नव्हतं! थांबायचं तर पाय जमिनीला टेकायला हवा. नाही टेकला तर गाडी आडवी होणार. माझं हाड मोडलं तर सांधता येईल, पण गाडीवरचं ते लाल कवच? परक्याची गाडी, दिवाणखान्यात वाढलेली! शिवाय बारमधल्या लोकांना काय सांगू, थांबताना पडलो म्हणून?

ठरवलं, ओरियानोच्या अंगणात जायचं, हळू करायचं आणि ओरडायचं. दोघं मिळून धरतील. अंगणाला दोन फाटकं आहेत, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. सर्कलला वळसा घालून मी वर आलो, पहिल्या गिअरमध्ये अंगणात शिरलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "धरा मला! धरा!"

बंद हेल्मेटमधून बाहेर काय गेलं देव जाणे. ओरियानोने टाळ्या वाजवल्या. "बघा, बघा, कशी गातेय!" तो सासूबाईंना म्हणाला. मी दुसऱ्या फाटकातून बाहेर.

पुढचं संभाषण मला नंतर कळलं. सासूबाई म्हणाल्या, "थांबला नाही."

"आवडली असेल त्याला."

"छे. मी ओळखते त्याला. जेवायची वेळ झालीय, तो थांबला असता. हिला ब्रेक नाहीत."

"ब्रेक नाहीत? अहो बाई, नवे टाकलेत!"

"मग थांबली का नाही? पाचशे कमी करा."

मी पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर आलो. या खेपेला ओरियानो अंगणाच्या मधोमध हात पसरून उभा होता. मला वाटलं, धरतोय! त्याला वाटलं, अंगावर येतोय! ऐनवेळी त्याने कोंबड्यांच्या खुराड्यामागे उडी मारली आणि मी पीचच्या दोन रांगांमधून, डोक्यावर गुलाबी पाकळ्या घेऊन, बाहेर पडलो.

"अजून पाचशे," सासूबाई म्हणाल्या.

आता उरलं फक्त सर्कल. आमच्या भागात सिग्नल काढून सगळीकडे सर्कलं केली, तेव्हा मीच बारमध्ये त्याविरुद्ध तासभर बोललो होतो. त्या दिवशी कळलं, न थांबता जगायचं असेल तर सर्कलसारखी जागा नाही! मी फिरू लागलो. फिरता फिरता विचार करू, म्हटलं. पेट्रोल संपेपर्यंत काहीतरी सुचेल. सातवा फेरा झाला, आठवा झाला. छाती टाकीवर, कोपरं आत, गुडघे चिकटलेले. मान तेवढी वर.

सर्कलच्या कडेला पेट्रोलपंपावर तीसेक मोटरसायकली उभ्या होत्या. फोर्लीकडचा क्लब होता. दर वर्षी एप्रिलात मोन्तेरोव्हेरेच्या चर्चसमोर फादर एव्हारिस्तो गाड्यांना आशीर्वाद देतात, त्यासाठी आलेला. क्लबची प्रमुख लोरेदाना म्हणून पस्तिशीची बाई, धंद्याने गुरांची डॉक्टर. फादरनी तिला फोनवर सांगितलं होतं, 'रस्ता चुकाल, मी सर्कलवर माणूस पाठवतो, त्याच्या मागे या.' तो माणूस कुठे अडकला ते अजून कुणाला माहीत नाही. सर्कलवर मी होतो.

"हाच तो! फिरून फिरून वाट बघतोय बिचारा आपली," लोरेदाना म्हणाली. "चला!"

अकराव्या फेऱ्याला आरशात पाहिलं तर माझ्या मागे तीस दिवे! आधी वाटलं, पोलीस. मग वाटलं, एवढे पोलीस आमच्याकडे नाहीतच. मी टेकडीकडे वळलो, तेही वळले. मी जोर केला, त्यांनीही केला. ओरियानोचं घर माझ्या डोक्यात होतं, पण आरशात बघता बघता त्याच्या घराचा फाटा मी चुकलो आणि वीस किलोमीटरचा वळसा पडला. ते तीसही माझ्या मागे तितकेच वळले. आणि माफ करा, पण सांगतोच: त्या वळशात माझी कंबर ठणकत होती, डोळ्यांत पाणी होतं आणि छाती अभिमानाने फुगली होती. फुगायला जागा नव्हती, तरी! तीस गाड्यांच्या पुढे जायचं माझं लहानपणीचं स्वप्न होतं. ते पुरं होताना तोंड टाकीला चिकटलेलं असेल, एवढंच स्वप्नात नव्हतं.

गावाच्या वेशीवर स्वयंसेवकांनी शिट्ट्या मारून रस्ता अडवला आणि सगळ्यांना चर्चच्या चौकात वळवलं. हा चौक बंद आहे. तिन्ही बाजूंना घरं, समोर पायऱ्या. पायऱ्यांवर फादर एव्हारिस्तो, शेजारी तीर्थाच्या पाण्याची बादली, आणि फादरना धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंनी रचलेले गवताचे गठ्ठे.

आता काही इलाज नव्हता! क्लच दाबला, डोळे मिटले. गाडी हळूहळू गेली आणि दोन गठ्ठ्यांच्या मधल्या फटीत, वीट भिंतीत बसावी तशी बसली. इंजिन बंद पडलं. गाडी सरळ उभी! एक ओरखडा नाही! आणि मी तसाच, कपाळ टाकीवर टेकून, ओणवा.

मागे तीसही गाड्या रांगेत थांबल्या. लोरेदानाने माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं, इथे अशीच पद्धत असेल. तिने इंजिन बंद केलं आणि कपाळ टाकीला टेकवलं. शेजारच्याने टेकवलं. एकेक करून तीसही जण वाकले!

फादर एव्हारिस्तोंचे डोळे भरून आले. "बावीस वर्षं," ते म्हणाले, "बावीस वर्षं हे लोक इथे नुसते हॉर्न वाजवायला येतात. आज पहिल्यांदा!" ते खाली उतरले, माझ्याजवळ आले आणि हेल्मेटवर हात ठेवला.

"फादर," मी आतून कण्हलो, "मला उतरवा हो!"

"हो रे बाळा," फादर हळुवार आवाजात म्हणाले, "एक ना एक दिवस सगळ्यांनाच उतरायचंय." आणि बादलीतलं अर्धं पाणी माझ्या पाठीवर शिंपडलं. गार पाण्याने पाठीत अशी कळ गेली की मी मोठ्याने विव्हळलो. मागून तीस जण म्हणाले, "आमेन!"

इतक्यात चौकात एक तीनचाकी टेम्पो खडखडत आला. चालवत होता ओरियानो, शेजारी मांडीवर पर्स घेऊन सासूबाई.

"तो बघा चोर!" ओरियानो ओरडला.

"चोर?" सासूबाई खाली उतरल्या. "त्याला स्वतःची कार गॅरेजमधून काढता येत नाही, आणि तो तुमची गाडी चोरणार?" त्या माझ्याजवळ आल्या, वाकून हेल्मेटच्या काचेतून आत पाहिलं. चाळीस वर्षं कोंबड्या पाहिलेली बाई. माझ्या कंबरेवर अंगठा दाबला. मी किंचाळलो.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही अडकलाय."

मग मला चौघांनी गाडीवरून उचललं, तसाच, खुर्चीत बसल्याच्या आकारात, आणि आशीर्वादानिमित्त भरलेल्या जत्रेतल्या लांब टेबलावर आडवं ठेवलं. शेजारी पियादिना, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्या, भाजत होते. भाजणारी बाई म्हणाली, "जरा पाय त्या बाजूला घ्या, पीठ आहे." लोरेदाना बाह्या सरसावत आली.

"तुम्ही डॉक्टर आहात?" मी विचारलं.

"आहे ना. गायींची. पण कंबर ती कंबर." तिने गुडघा माझ्या पाठीवर ठेवला, खांदा धरला आणि पुन्हा 'टक्'! पाठोपाठ सूटची चेन वरपासून खालपर्यंत फाटली आणि पावडरचा ढग उठला. मी सरळ झालो. चोवीस वर्षांत इतका मोठा श्वास घेतला नव्हता.

"मास्तर," लोरेदाना म्हणाली. मला! "मी तीस किलोमीटर तुमच्या मागे होते. एकदाही पाय टेकवला नाहीत, एकदाही डोकं वर काढलं नाहीत. आणि ती शेवटची फट! वीतभर अंतर नव्हतं दोन्ही बाजूंना. इतकी वर्षं चालवतेय, असं कुणी चालवलेलं पाहिलं नाही. ही गाडी विकायची आहे का तुम्हाला?"

मी ओरियानोकडे पाहिलं. तो खाली बसून लाल कवचावर नखाने ओरखडा शोधत होता आणि सापडत नसल्याने त्याचा राग उतरत चालला होता.

"गाडी अजून यांची आहे," मी म्हटलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "तासाभरापूर्वीच सहा हजार दोनशेला हातावर हात मारलाय. पैसे आता देते, कागद उद्या. गाडी आपली आहे."

म्हणजे मी सर्कलला फेऱ्या मारत होतो तेव्हा माझ्याच गाडीवर होतो! मी टेबलावरून उतरलो, गाडीजवळ गेलो. पुन्हा एकदा बसून बघावं म्हणून पाय उचलला. तो सीटच्या उंचीपर्यंत गेला आणि खाली आला. कुणी हसलं नाही. ओरियानोने तेवढं पाहिलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "मलाही आधी असंच झालं होतं."

मी त्या लांब डाव्या वळणाचा विचार केला. चार सेकंद! चोवीस वर्षं वाट पाहिली होती त्यांची, आणि मिळाले, पुरे मिळाले. मी लोरेदानाकडे वळलो आणि जमेल तेवढा ताठ उभा राहिलो.

"ही गाडी," मी म्हटलं, "मी कुणाही ऐऱ्यागैऱ्याला दिली नसती. पण तुम्ही मागून नीट आलात. घेऊन जा."

"केवढ्याला?"

माझं तोंड उघडलं होतं, पण आवाज सासूबाईंचा आला. "साडेसात हजार. आशीर्वाद झालेली आहे. तोही सगळ्यांत आधी, आणि अर्धी बादली!"

"बाई!" ओरियानो उठून उभा राहिला. "तुम्ही मला म्हणालात, हिला ब्रेक नाहीत!"

"ते माझ्या जावयाला नव्हते," सासूबाई म्हणाल्या. "त्याची किंमत तुमच्या गाडीतून कापली, त्याला मी काय करू? चला, मी जेवण देते तुम्हाला."

ओरियानो जेवला. दोन बश्या कप्पेल्लेत्ती पास्ता आणि अर्धी बाटली वाइन. संध्याकाळी तोच आम्हाला कारपर्यंत सोडायला आला आणि सासूबाईंना म्हणाला, पीचचा भाव ठरवायला व्यापारी येतील तेव्हा जुलैत पंधरा दिवस येऊन राहाल का? मी कारच्या मागच्या सीटवर आडवा होतो. कार सासूबाईंनी चालवली. तेराशे युरोंतली एक नोट मला मिळाली, कंबरेच्या मलमासाठी.

आठ दिवस अंथरुणात होतो. नवव्या दिवशी बारमध्ये गेलो, तर बातमी माझ्या आधी पोहोचलेली! लोक खुर्ची देतात. फोर्लीची तरुण मंडळी येऊन विचारतात, मास्तर, वळणात इतकं खाली कसं राहायचं? मी सांगतो, मनावर घेतलं की वर येताच येत नाही. अक्षरशः खरं आहे ते. पुढच्या एप्रिलला मिरवणुकीच्या पुढे राहण्याचं रीतसर आमंत्रणही आलंय. फादर एव्हारिस्तोंनी स्वतः फोन केला.

"पुढच्या वेळी कोणती गाडी आणणार?"

"गाडी नाही, फादर," मी म्हटलं. "माझा नवस आहे. सर्कलपासून वर चर्चपर्यंत मी चालत येणार."

मग फादरचा भरून आलेला आवाज आला, "काय ही श्रद्धा, बाळा!"

मी नाही म्हटलं नाही. आता तुम्हाला म्हणून खरं सांगितलं. लुगोत कुणापाशी बोलू नका.